नवमीच्या पाटावर कोण बसणार?

मी पाट बोलतोय, आणि हौसेने बोलत नाही. बसवून घेणं हे पाटाचं काम, बोलणं नव्हे. पण गेल्या पितृपक्षात झाशीतल्या या क्वार्टरमध्ये माझ्यावरून जी भांडणं झाली, त्यांत प्रत्येकाने आपली बाजू ओरडून सांगितली आणि माझी कुणी विचारली नाही. म्हणून आता मी सांगतो आणि तुम्ही ऐकून घ्या.

मी फणसाचा आहे. देवरुखजवळच्या एका परसातलं जुनं झाड वादळात पडलं, त्याच्या फळ्या निघाल्या, त्यांतली एक मी. सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केलं, खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि चार कोपऱ्यांत पितळी फुलं बसवली. त्या घरातल्या रजनीचं लग्न ठरलं होतं. रुखवतात मला मांडलं, एका बाजूला लोकरीचा कुत्रा आणि दुसऱ्या बाजूला साबणाच्या वड्यांचं बदक. माझा स्वभाव तिथेच बिघडला असावा.

जावई दामोदर झाशीला नोकरीला होता, अवजड यंत्रं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात. गोणपाटात गुंडाळून मला रेल्वेने इथे आणलं. पहिल्याच मे महिन्यातल्या लूच्या गरम वाऱ्याने मला बोटभर लांब भेग पाडली. कोकणातल्या लाकडाला हे गाव मानवत नाही. माणसांना मानवतं म्हणे. त्यांचं त्यांना ठाऊक.

रजनी मला रोज वापरायची. ओट्यापाशी उभं राहून पाय दुखले की मला ओढायची आणि माझ्यावर बसून लसूण सोलायची, तांदूळ निवडायची. संध्याकाळी तिची मुलगी शाल्मली पुढ्यात जमिनीवर बसे आणि रजनी तिची वेणी घाली. मुलगी सारखी मान हलवायची. "हलू नकोस ग, भांग वाकडा होतो." त्या दिवसांबद्दल माझी काही तक्रार नाही. एवढेच दिवस असे, ज्यांच्याबद्दल तक्रार नाही.

मग रजनीला कावीळ झाली आणि ती गेली. शाल्मली तेव्हा दहा वर्षांची होती.

दामोदरने मला स्वयंपाकघराच्या दाराआड उभं केलं, तोंड भिंतीकडे करून. वर्षातून एकदाच बाहेर काढायचे. नवरा हयात असताना बाई गेली, तर पितृपक्षातल्या नवमीला तिच्या नावाने जेवण घालतात. अविधवा नवमी म्हणतात तिला. एका सवाष्णीला बोलावतात, पाटावर बसवतात, गेलेल्या बाईच्या जागी मानून तिला जेवू घालतात आणि तिची ओटी भरतात. दामोदर हयात आहे तोवर या घरात हे व्हायचंच.

झाशीत मराठी घरं थोडी. सवाष्ण शोधायला नको म्हणून दामोदरची मोठी बहीण कमलिनी दरवर्षी ग्वाल्हेरहून यायची आणि तीच बसायची. शाल्मलीची ही आत्या. अंगाने भरलेली, बोलण्याने त्याहून. पाटावर बसली की माझ्या खालच्या पट्ट्या कुरकुरत. उडदाचे वडे नीट फुगले नाहीत की म्हणायची, "दामू, तुझ्या झाशीच्या पाण्यातच खोट आहे." या एका बाबतीत आमचं पटायचं.

शाल्मलीला रडू न देणारीही हीच. पहिल्या नवमीला पोर माझ्याकडे बघून हुंदके द्यायला लागली, तशी आत्या पान पुढ्यात असतानाच गरजली, "रडायचं नाही! तुझ्या रडण्याने आईच्या वाटेत पाणी होतं. तिला चालता येत नाही." मुलीने तोंड मिटलं. पुन्हा तिचं रडणं या घरात कुणी ऐकलं नाही.

अशी वर्षं गेली. भिंतीकडे तोंड असलं की वर्षं मोजायला काही दिसत नाही.

एका सकाळी, अंधार सरता सरता, कुणीतरी मला दाराआडून काढलं. मला वाटलं, नवमी आली. पण वड्यांचा वास नव्हता. शाल्मली होती, आता कॉलेजात जाणारी. तिने मला आतल्या खोलीत नेलं, खिडकीखाली ठेवलं आणि माझ्यावर दोन्ही गुडघे टेकले. काही पडलंय ते शोधतेय, असं मला वाटलं. पण गुडघे हलेनात.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, गुडघे हा माणसाचा फार निर्दयी अवयव आहे. माणूस बसला की ओझं पसरतं. गुडघे दोनच जागी टोचतात, आणि ही मुलगी हाडकुळी. मला तिचा संताप आला. त्यात ती पुटपुटायला लागली. "हे हमारे पिता", मग "प्रणाम मरिया". मराठी घरातल्या पाटावर बसून, म्हणजे टेकून, हे! ते संपलं आणि ती आईशी बोलायला लागली. देवाशी हिंदीत, आईशी मराठीत. "आई, काल मेथी केली. कडू लागली. बाबा खा गए, काही बोलले नाहीत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. परत ठेवताना मला पुसायची आणि तोंड बरोबर भिंतीकडे करायची, बापाला कळू नये म्हणून. लबाडी तर लबाडी, वर स्वच्छता.

श्रावणात एकदा दामोदर लवकर उठला. पाणी प्यायला आला, आणि त्याने आतल्या खोलीत बघितलं.

"हे काय चाललंय?"

"प्रार्थना, बाबा."

"कुणाची?" तिने उत्तर द्यायच्या आधी त्याने मला तिच्या गुडघ्यांखालून ओढलं. ती भिंतीवर आपटली. "आईचा पाट आहे हा! नवमीचा! ह्याच्यावर गुडघे?"

"आईचाच आहे म्हणून तर घेतला."

"कुणी शिकवलं हे? शाळेतल्या त्या सिस्टरने?"

"कुणी नाही शिकवलं. मीच जाते. सदर बाजारच्या पुढे चर्च आहे ना, तिथे. दहावीपासून दर रविवारी. तुम्हाला ट्यूशन सांगायचे." ती भिंतीला धरून उठली. "आणि बाबा, येत्या ईस्टरला मी बाप्तिस्मा घेणार आहे. मी आता मोठी आहे."

"काय कमी पडलं तुला या घरात? सांग. खायला कमी पडलं? कपडा कमी पडला?"

"आईचं नाव कमी पडलं."

दामोदर मला हातात धरून उभा राहिला.

"आई गेल्यापासून या घरात कुणी 'रजनी' म्हणालंय? तुम्ही म्हणालात? फोटोला हार घातला, बस. आत्याने रडू नाही दिलं. मी दहा वर्षांची होते, बाबा. मला खरंच वाटायचं, मी रडले तर आई पाण्यात अडकेल. मग शाळेच्या चॅपलमध्ये नोव्हेंबरात फादरनी गेलेल्यांची नावं घेतली, मोठ्याने, सगळ्यांसमोर. 'रजनी' म्हणाले. मी तिथे इतकी रडले, आणि कुणी गप्प नाही केलं. आणि बाबा, ते लोक 'होती' नाही म्हणत. 'आहे' म्हणतात."

दामोदरने मला दाराआड इतक्या जोरात टेकवलं की माझं एक पितळी फूल निखळून फ्रीजखाली गेलं. त्याने ते शोधलं नाही. मी त्याच्या बाजूने होतो, हे स्पष्ट सांगतो. आपल्या बायकोचा पाट, आपलं घर, आणि पोर परक्या देवापुढे गुडघे टेकते, तर कुठला बाप ऐकून घेईल?

गोष्ट भिंतीपलीकडे जायची ती गेलीच. शेजारचा मुकेश त्याच कारखान्यात आहे. तो चहाला आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दामोदर भैया, ज़माना ठीक नहीं है। कोई धर्म बदलने की शिकायत कर देगा तो थाने के चक्कर लगेंगे। नौकरी वाले आदमी हो। लड़की को सँभालो।" काळजी होती का धमकी, ते दामोदरला कळलं नाही. मलाही नाही. त्याने मुकेशला बिस्किटं दिली नाहीत, एवढं ऐकू आलं.

त्यानंतर त्याने ग्वाल्हेरला फोन केला. फोनमधून आत्याचा आवाज दाराआड मलाही ऐकू येत होता. "माझ्याकडे पाठव तिला. चार महिन्यांत सरळ करते. चर्चचं नाव काढलं तर तंगडी मोडीन."

तसं ठरलं. नवमीला आत्या येईल, नवमी पार पडली की दुसऱ्या दिवशी शाल्मलीला घेऊन जाईल. नाव तिकडच्या कॉलेजात. चर्च बंद, त्या सिस्टरचा फोन बंद, बाप्तिस्मा बंद. शाल्मलीने बॅग भरली. भरताना ती एकदाच बोलली, "तिकडे आईचं नाव कोण घेईल?" ऐकायला दाराआडचा मी सोडला तर कुणी नव्हतं.

नवमीच्या आदल्या दिवशी आत्या आली. यंदा हातात बांगड्या नव्हत्या. माघात तिचा नवरा गेला होता, हृदयविकाराने, अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचता वाचता. तरी आत्या होती तशीच. आल्या आल्या भांडी परत घासली, डाळ भिजत घातली आणि शाल्मलीला म्हणाली, "ये ग महाराणी, नारळ खव. का तुमच्या येशूला चालत नाही?"

"चलता है, आत्या."

"आधी मराठी नीट बोलायला शिक. मग धर्म बदल."

संध्याकाळी दामोदर कामावरून आला. मला बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसत होता. पुसता पुसता, मान वर न करता, दरवर्षी म्हणायचा तेच तो म्हणाला, "ताई, उद्या साडेअकराला बस म्हणजे बाराच्या आत आटपेल."

स्वयंपाकघरातला खवणीचा आवाज थांबला.

"दामू," आत्या म्हणाली, "मी आता कशी बसणार?"

तो विसरला होता. सगळे जण विसरले होते. आत्या स्वतःही विसरली असावी, नाहीतर येतानाच बोलली असती. ग्वाल्हेरहून इतकी वर्षं ती जिथे बसायला येत होती, तिथे बसायचा तिचा हक्क माघातच गेला होता, आणि तिने स्वतः उद्याच्या वड्यांची डाळ भिजत घातली होती.

 दामोदरने फडकं टाकून फोन उचलला. "बघतो. दुसरी कुणी मिळेल."

आधी त्याने शहरातल्या रुक्मिणीकाकूंना फोन लावला. त्यांचं घराणं झाशीतलं फार जुनं. काकू आनंदाने तयार झाल्या आणि मग म्हणाल्या, "पण बाबा, माझे दोन्ही गुडघे बदललेत. पाटावर बसता यायचं नाही. खुर्ची दिलीस तर येते." आत्याने फोन ओढून घेतला. "नवमीची सवाष्ण खुर्चीवर? उद्या टेबलावर पिंड ठेवा!" रुक्मिणीकाकूंनी फोन ठेवला.

मग मुकेशच्या बायकोला विचारलं. शिवांगीने दारातच दोन्ही हात जोडले. "भैया जी, बुरा मत मानना। मरी हुई की जगह मैं कैसे बैठ जाऊँ? मेरी सास जान ले लेगी।" आणखी एक मराठी इंजिनिअर होता, त्याची बायको पुण्याला बाळंतपणाला गेलेली.

सकाळी स्वयंपाक झाला. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, गवार, आमसुलाची चटणी. ड्रममध्ये लावलेल्या अळूच्या वड्याही झाल्या. मला ईशान्येच्या कोपऱ्यात मांडलं, पुढे केळीचं पान. मी असा मांडलेला आणि वर कुणी नाही, हे पहिल्यांदा झालं. आत्या कढईपाशी उभी होती आणि दामोदर घड्याळ बघत होता.

"मी आणते सवाष्ण," शाल्मली म्हणाली.

"कुठून? आकाशातून?" आत्या म्हणाली.

ती स्कूटी घेऊन निघूनसुद्धा गेली.

परत आली तेव्हा तिच्या मागे एक ठेंगणी, सावळी, पिकल्या केसांची बाई होती. राखी रंगाचा झगा, डोक्यावर तसलाच कपडा, खांद्याला कापडी पिशवी. शाळेत गाणं शिकवणाऱ्या सिस्टर बिबियाना. मूळच्या लांब पूर्वेकडल्या सिमडेगा गावच्या. त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या आणि उंबरठ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

दामोदरचा चेहरा लाल झाला. पण दारात आलेल्या बाईला तो काय बोलणार? "नमस्ते," म्हणाला.

"नमस्ते भाई साहब। इसने मुझे सब बता दिया है। मैं भी साफ़ बोल देती हूँ। मैं रजनी जी नहीं बन सकती। सिंदूर भी नहीं लगाती। लेकिन उनके नाम से खाना खा सकती हूँ, और खाने से पहले उनके लिए प्रार्थना करूँगी। चलेगा तो बैठती हूँ। नहीं चलेगा तो यहीं से लौट जाऊँगी, आप बुरा मत मानिए।"

आत्या झारा घेऊनच बाहेर आली. "शालू, अक्कल गहाण टाकलीस का? सवाष्ण लागते. ही बिनलग्नाची बाई आणलीस?"

"त्यांचं लग्न झालंय, आत्या. ही बघ अंगठी. सिस्टर लोक येशूशी लग्न करतात."

"येशूशी?" आत्याने सिस्टरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "त्याला तर क्रुसावर मारलं ना? मग ही माझ्यासारखीच. हिला कशी बसवतेस?"

मला वाटलं, झालं. आता मुलीकडे उत्तर नाही. मनात मी आत्याला शाबासकीसुद्धा दिली.

"तिसऱ्या दिवशी उठला तो," शाल्मली म्हणाली. "पुन्हा मरणार नाही."

आत्याचा झारा खाली आला. तेलाचे थेंब फरशीवर पडायला लागले.

"तिसऱ्या दिवशी," ती हळू म्हणाली. "तिसऱ्या दिवशी आम्ही अस्थी वेचल्या."

सिस्टरांना मराठी येत नव्हतं. "क्या कह रही हैं?" त्यांनी विचारलं. कुणी सांगितलं नाही. कढईतला वडा करपल्याचा वास यायला लागला.

दामोदर पानाकडे बघत होता. मग म्हणाला, "ताई, वाढ. बारा वाजत आले. पान रिकामं राहण्यापेक्षा..." पुढचं त्याने गिळलं. सिस्टरांना म्हणाला, "आइए।"

तर ती माझ्यावर बसली. हलकी होती, हे कबूल करतो. बसायची सवय होती, मांडी नीट घातली. मग डोळे मिटले आणि कपाळापासून छातीपर्यंत काहीतरी बोटाने काढलं. मी ताठ झालो. माझ्यावर हे चालू देणार नव्हतो, पण पाट करणार काय? ती म्हणाली, "प्रभु, तेरी बेटी रजनी। इस घर की रजनी। शाल्मली की माँ रजनी। उसे अपने पास रख, और इन सबको उससे फिर मिला।"

तीन वेळा ते नाव. या स्वयंपाकघरात. दामोदर फ्रीजकडे तोंड करून उभा राहिला आणि उगाचच त्याचं दार उघडून आत बघत राहिला. पुष्कळ वेळ. फ्रीज टू टू करायला लागला.

आत्याने वाढलं, ते वाढणं म्हणायचं का आपटणं, मला सांगता येत नाही. वडा पानावर पडला तो उडून माझ्यावर आला. सिस्टरांनी उचलून खाल्ला. "बहुत अच्छा बना है। हमारे यहाँ धुस्का बनता है, उसका मौसेरा भाई लगता है।"

"खीर लो।"

"थोड़ी और दे दीजिए।"

आत्याने वाटीच पुढे केली. जेवणाऱ्या माणसावर तिला फार वेळ रागावता येत नाही, हा तिचा दोष आहे. ओटी भरायची वेळ आली, तर झग्याला पदर कुठला? नारळ, तांदूळ आणि खण कापडी पिशवीत गेले. कुंकवाची कोयरी तशीच राहिली. माझ्या मते ही नवमी अर्धीच झाली, आणि ते मी तेव्हाही लपवलं नाही. एक बाजू मुद्दाम डुगडुगवली.

सिस्टर हात धुऊन आल्या. निघायच्याऐवजी आत्याकडे वळल्या. "दीदी, आप साथ में नहीं बैठीं?"

"हमारे में विधवा नहीं बैठती।"

"कब गए?"

"माघ में।"

"क्या नाम था उनका? कल सवेरे चर्च में मिस्सा की प्रार्थना है, उसमें दोनों का नाम साथ ले लेंगे।"

आत्या गप्प. मला कारण माहीत होतं, दामोदरलाही माहीत होतं. आत्याने लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. एरवी 'हे', 'घरातले', 'ऐकलंत का'. आता उखाणाही गेला होता. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावणार नव्हतं, आणि बोलावल्याशिवाय नाव घ्यायला जागा नव्हती. माघापासून ते नाव तिच्या तोंडात तसंच पडून होतं.

सिस्टर थांबून राहिल्या. घाई केली नाही.

"संभाजी," आत्या म्हणाली. आवाज तिचा नव्हताच. मग एकदम तिचाच झाला. "संभाजीराव! राव भी बोलना। खाली संभाजी मत बोल देना वहाँ सबके सामने।"

"संभाजीराव," सिस्टर म्हणाल्या.

"हाँ। ऐसे।"

आणि कमलिनी आत्या, झारा हातात, ओट्याला टेकून रडली. मोठ्याने, नाक ओढत, मुकेशच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशी. शाल्मलीने तिला गप्प केलं नाही. जवळ जाऊन नुसती उभी राहिली.

"बघतेस काय, गाढवे," आत्या म्हणाली. "पाणी दे."

दुपारी सगळे जेवले. संध्याकाळी आत्याने आपली पिशवी भरली. दामोदर आतून शाल्मलीची बॅग घेऊन आला आणि तिच्या पिशवीशेजारी ठेवली.

"ही कशाला?" आत्या म्हणाली.

"ठरलंय ना आपलं."

"माझ्याने होत नाही. हिचं मराठी ऐकून माझं डोकं उठतं. वेणी वाकडी घालते, खोबरं जाड खवते. तुझी पोर तुझ्यापाशी ठेव." मग दाराकडे बघत, "आणि उद्या सकाळी ही त्या चर्चला जाईल तेव्हा कुणीतरी नीट कान देऊन ऐका, 'राव' म्हणतात की नाही. त्या हिंदीवाल्यांचा काय भरवसा."

दामोदर खुर्चीत बसला. मुलगी उभी होती. तिची बॅग दोघांच्या मध्ये. मी पुसून भिंतीशी टेकवलेला होतो, त्यामुळे मला दोघांचे पाय दिसत होते. 

"मी त्या चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही," तो म्हणाला. "ईस्टरला नाही, कधीच नाही."

"हो, बाबा."

"मला ते आवडलेलं नाही. कधी आवडणारही नाही."

"हो."

"किती वाजता असतं सकाळचं ते?"

"साडेसहा."

दामोदरने बॅग उचलून परत आत नेली. आतूनच म्हणाला, "मग आधी डबा करून जा. कँटीनचं खाऊन माझं पोट बिघडतं."

आता माझं सांगतो. ईस्टर अजून यायचा आहे. बापलेकीत बोलणं थोडंच होतं, आणि जे होतं ते डब्याबद्दल. मी दाराआड नसतो, आतल्या खोलीत खिडकीखाली जमिनीवर असतो. दोन जागी माझं पॉलिश उडालंय. त्या मुलीने मध्ये टॉवेलची घडी घालावी, एवढंच माझं म्हणणं, पण पाटाचं कोण ऐकतं? चर्चबद्दल माझं मत होतं तेच आहे. तिथे सगळे बाकांवर बसतात.

मात्र पितृपक्ष दरवर्षी येतो, आणि आयत्या वेळची धावाधाव मला पुन्हा चालणार नाही. तुमच्या ओळखीत झाशीत कुणी मराठी सवाष्ण असेल, तिला खाली बसता येत असेल, तर आत्ताच सांगून ठेवा. नसेल, तर त्या सिस्टरलाच सांगा. पान स्वच्छ केलं होतं तिने.